दुसरी काळी गाडी

घाबरू नका, मी गाडी बोलतेय. घाबरायचं काम माझ्याकडे आहे, तुम्ही निवांत बसा.

काळी, लांबलचक, डिझेलवरची, सहा सिलिंडरची. एके काळी मी रस्त्यात थांबले की आत कोण बसलंय म्हणून लोक वळून बघायचे. अजूनही बघतात, काय जळतंय म्हणून. माझं वय सतरा. या वयात माणसांना मिसरूड फुटतं, आमच्या रबरी नळ्या फुटतात.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माझ्यावर कुणाचं बोट उमटलं तरी तिघं पुसायला धावायचे. बाहेर काढण्याआधी मला एका बोगद्यात उभं करून चहूबाजूंनी पाणी मारलं, कुठे गळते का बघायला. एक थेंब आत आला नाही. ‘ही गळत नाही’ असं माझ्याबद्दल कुणी म्हणायची ती पहिली आणि शेवटची वेळ.

पहिले मालक हॉटेलवाले. पाच वर्षं ते मागच्या सीटवर बसून फोनवर ओरडले. ज्यांच्यावर ओरडायचे ते लांब असायचे, ऐकायची मी. भित्रेपणा माझ्यात तिथूनच मुरला असावा. दुसरे मालक दातांचे डॉक्टर. लहानशा दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका, असं ते दिवसभर लोकांना सांगायचे. माझा पहिला दिवा लागला तेव्हा त्यांनी सात महिने दुर्लक्ष केलं आणि मग मला विकायला काढलं.

तिसरे आमचे मास्तर. शिंपी. मागच्या गल्लीत दुकान, दोन मशिनं, एक जाडजूड इस्त्री आणि गळ्यात टेप. ती टेप ते आंघोळीलाही काढत नसावेत असा माझा अंदाज आहे.

असा माणूस असली गाडी का घेईल? काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, कमरेपायी. वरच्या फळीवरचा तागा काढताना काकू स्टुलावरून पडल्या, आणि तेव्हापासून त्यांना कुठल्याही गाडीत दहा मिनिटांच्या वर बसवेना. त्यांचे नव्वदीचे वडील राहतात दोन तासांवर. वडील सगळ्यांना विसरलेत, एका काकूंना सोडून. म्हणजे महिन्यातून एकदा जायलाच हवं, आणि जायचं कसं हा प्रश्न.

माझ्यात स्प्रिंग नाहीत. चार चाकांवर हवेनं भरलेल्या चार रबरी पिशव्या आहेत, त्यांच्यावर मी तरंगते. मास्तरांनी काकूंना मागे बसवून डॉक्टरांच्या घरापासून एक मोठी फेरी मारली. परत आले तर काकू घोरत होत्या. दीड वर्षात पहिल्यांदा. मास्तर हळूच दार लोटून डॉक्टरांना म्हणाले, “घेतली.” ते गाडीबद्दल बोलत होते की झोपेबद्दल, मला अजून कळलेलं नाही.

पण माझ्यासारखीला शिंप्याच्या कमाईत सांभाळायचं म्हणजे चेष्टा नाही. मास्तरांनी मला कपड्यासारखं वापरलं. उसवलं की शिवायचं, सैल झालं की टाचायचं. छताचं कापड सुटून काकूंच्या डोक्यावर यायला लागलं, तेव्हा त्यांनी ते कोटाच्या छप्पन्न बटणांनी टाचलं. ऑइल स्वतः बदललं, आणि जुनं ऑइल शर्टाच्या बाहीतून गाळून त्यात धातूचा कीस दिसतो का ते चष्मा लावून बघितलं. चढ आला की एसी बंद. उतार आला की मास्तर खूश.

आणि तो पिवळा दिवा. मला कुठे दुखलं की तो लागतो, आम्हा गाड्यांना तेवढीच भाषा. पण तो दिसला की काकू घाबरायच्या. म्हणून मास्तरांनी त्यावर मखमलीची इवलीशी टोपी शिवून बसवली. अस्तरासकट. तेव्हापासून माझी बोंब टोपीखाली.

तर एके सकाळी मी डाव्या गुडघ्यावर बसलेली सापडले. पुढची डावी पिशवी फाटली होती.

गॅरेजवाला लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतो, म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणतात. त्यानं बराच वेळ डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

“डावी पिशवी गेली. हवेचा पंप दमलाय. दोन इंजेक्टर गळतात, म्हणून हा पांढरा धूर. अल्टरनेटरही आजउद्याच जाणार.”

“नवीन टाकले तर?”

“मास्तर, तुम्ही आधी बसा.”

मास्तर टायरवर बसले.

“तेवढ्या पैशांत अख्खी गाडी येते.”

“कुठली?”

“हीच.”

मास्तर मला बघत राहिले. अर्ध्या कापडाच्या भावात अख्खा कोट मिळत असेल तर शिंप्याला झोप येत नाही. पुढच्या आठवड्यात ट्रकवरून ती उतरली.

दुसरी काळी गाडी. त्याच वर्षातली, त्याच रंगाची, समोरून बघा, मागून बघा, मीच. तिची नोंदणी रद्द झालेली, नंबरप्लेट काढून घेतलेल्या, तळाचा पत्रा गंजून गेलेला. वरून नवरी, खालून चाळणी. रस्त्यावर यायची परवानगी नाही, पण पिशव्या, पंप, इंजेक्टर सगळं ठणठणीत. वैद्यानं चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी इतकी वर्षं तिसऱ्या फटक्यात सुरू होतेय.

आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. जिला आपल्यासाठी कापणार आहेत तिच्याशी बोलणार काय? ‘आज हवा छान आहे’?

मास्तर मात्र रंगात आले होते. खिशातून खडू काढून त्यांनी तिच्यावर फुल्या मारल्या. इथून पिशवी काढायची, इथून पंप, हे ठेवायचं, ते सोडायचं. पाचही भागांची नावं त्यांनी चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी फळ्यावर लावली. मग माझ्या नंबरप्लेट काढून घरी नेल्या. त्या वाकल्या होत्या, आणि मास्तरांच्या मते ओल्या फडक्याखाली इस्त्री केली की सरळ होतील.

त्याच दिवशी वैद्याला फोन आला. त्याची मुलगी बाळंत होणार होती. तो निघाला आणि गॅरेज मेहुण्यावर सोडून गेला. जाता जाता म्हणाला, “मास्तरांची काळी गाडी आहे. खुणा केल्यात बघ. एकीचं काढ, दुसरीला लाव. चिठ्ठी फळ्यावर आहे.”

मेहुणा आधी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोल्या धुवायचा. स्वच्छ केल्याशिवाय तो कशालाही हात लावत नाही. त्यानं आम्हा दोघींना पाइपानं धुतलं, साबण लावला, पुन्हा धुतलं.

आता शिंप्याचा खडू कशाचा असतो ते सांगते. तो जाण्यासाठीच केलेला असतो. खूण राहिली तर गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून ब्रश मारला की गेला पाहिजे. तीस वर्षं मास्तरांनी न टिकणाऱ्या खुणा केल्या, आणि सगळ्यात महत्त्वाची खूणही त्याच सवयीनं केली.

मेहुण्यानं दोन काळ्या गाड्यांभोवती चक्कर मारली. नंबर नाही, खूण नाही. वैद्याला फोन लावला, तर तो लागेना. मग त्यानं डोकं चालवलं. माझी चावी फिरवली. मी सुरूच झाले नाही. तिसऱ्या फटक्यातही नाही. भीतीनं हातपाय गारठतात ना, तसं. तिची फिरवली, ती झाली.

“म्हणजे ठेवायची ही,” तो म्हणाला. “आणि खोलायची ती.”

बोट माझ्याकडे होतं.

मी ओरडले. पिवळा दिवा लावला, टोपीखाली. मग जिवाच्या आकांतानं वायपर सुरू केले. कोरड्या काचेवर, आपले आपण, कुई कुई.

“वायरिंगही गेलंय हिचं,” मेहुणा खूश होऊन म्हणाला. “बरोबर गाडी धरली.”

मी खिडकी खाली पाडली. त्यानं वहीत लिहून घेतलं: ‘खिडकीही खराब.’ मग मी गप्प बसले. माझी प्रत्येक किंकाळी माझ्याच विरुद्धचा पुरावा होत होती.

छताची बटणं बघून तो जरा थबकला. माझी आशा जागी झाली. पण तो स्वतःशीच म्हणाला, “शिंपी लोक आधी कागदावर कापून बघतात. मास्तरांनी भंगारावर हात बसवला असणार.”

आणि चिठ्ठीप्रमाणे त्यानं माझे पाच भाग काढले. फाटलेली पिशवी, दमलेला पंप, गळके इंजेक्टर, मरायला टेकलेला अल्टरनेटर. फाटलेली पिशवी हातात धरून तो क्षणभर विचारात पडला. मग मान हलवली. “शिंपीच आहेत, शिवतील.” तिचे चांगले भाग काढून त्यानं बाकावर ओळीनं मांडले आणि माझी सगळी दुखणी तिला लावली.

काम संपलं आणि तिनं डावा गुडघा टेकला. चावी फिरवली तर पहिला फटका नाही, दुसरा नाही. तिसऱ्याला सुरू झाली, पांढरा धूर सोडत. मी समोर बसून माझा आजार दुसरीच्या अंगात बघत होते.

मेहुण्यानं मास्तरांना फोन केला. मास्तरांच्या दुकानात लग्नाचे अकरा सूट अडकले होते. त्यांना हलायला सवड नव्हती.

“मास्तर, चिठ्ठीप्रमाणे सगळं लावलं. पण गाडी डाव्या गुडघ्यावर बसते. पांढरा धूरही सोडते.”

पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

“म्हणजे दुसरीचेही भाग खराबच निघाले?”

“तसंच दिसतंय.”

“हिला वडिलांकडे न्यायचं होतं रे रविवारी,” मास्तर म्हणाले. आवाज उसवल्यासारखा. “बरं. ती खोललेली आहे ना, ती देऊन टाक भंगारात. उगाच जागा अडवते.”

फोन मोठ्या आवाजावर होता. मी माझी शिक्षा माझ्याच माणसाच्या तोंडून ऐकली, आणि तो बिचारा दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भंगारवाल्या मावशी ट्रक घेऊन आल्या. चष्मा दोरीनं गळ्यात, हातात रद्द नोंदणीचा कागद. त्यांच्या अंगणात आमच्यासारख्यांचे चौकोनी ठोकळे करून रचून ठेवतात, असं मी ऐकून होते. साखळी माझ्या पुढच्या आकड्यात अडकली. मेहुणा म्हणाला, “ओढा.”

“थांब रे,” मावशी म्हणाल्या. त्या आत वाकल्या, सीटखालचा पत्रा पदरानं पुसला, तिथे ठोकलेला नंबर वाचला. कागद वाचला. पुन्हा नंबर वाचला.

“हा तो नंबर नाही.”

“अहो मावशी, भंगारच आहे. गुडघ्यावर बसलीय बघा.”

“गुडघ्यावर मीही बसते, म्हणून मला नेतोस का? हिची नोंदणी जिवंत असली तर? मागे एकदा जिवंत गाडी कापली मी. चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मालकाला बोलाव.”

मास्तर स्कूटरवरून आले. खांद्यावर कुणाच्या तरी पँटचा एक पाय, काखेत इस्त्री केलेल्या नंबरप्लेट. त्यांनी माझं दार उघडलं, वर बघितलं आणि छताच्या एका बटणाला बोट लावलं.

“अरे, ही माझी!”

“मला वाटलं, तुम्ही सराव केला असेल,” मेहुणा म्हणाला.

“छप्पन्न बटणांचा?”

मेहुण्यानं फडकं उचललं आणि माझं बॉनेट पुसायला घेतलं.

“मी खुणा केल्या होत्या की रे तिच्यावर!”

“कशानं?”

“खडूनं.”

“कसल्या खडूनं?”

मास्तरांनी खिशात हात घातला, खडू काढून बघितला आणि परत ठेवून दिला.  मास्तरांचा हात माझ्या दारावरच्या शिवणीवरून फिरत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून.  

“मी आलेय तर रिकामी जाणार नाही,” मावशी म्हणाल्या. “डिझेल जाळलंय.”

सगळ्यांनी एकदमच तिच्याकडे बघितलं.

साखळी माझ्यापासून सुटली आणि तिला लागली. ट्रकवर चढताना ती डाव्या गुडघ्यावर वाकली होती. माझी पिशवी, माझा पंप, माझा धूर. कालपर्यंत पहिल्या फटक्यात सुरू होणारी ती, माझी दुखणी पोटात घेऊन, माझ्याच चालीनं गेली. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की ट्रकवर चढली ती मीच.

बाकावरचे तिचे पाच भाग वैद्यानं परत आल्यावर मला बसवले. नात झाली म्हणून त्यानं पेढे नाही वाटले, पण मोठ्या मनानं मजुरी सोडली. रविवारी मी काकूंना वडिलांकडे नेलं. जाताना झोप, येताना झोप.

तेव्हापासून चार महिने झाले. मी तंदुरुस्त आहे, असं सगळे म्हणतात. पण आता मी पहिल्या फटक्यात सुरू होते, आणि ती माझी सवय नाही. सिग्नलला उभी राहिले की डाव्या बाजूनं हलकासा फुस्स आवाज येतो. वैद्यानं स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि म्हणाला, काही नाही. मलाही आधी काही नाहीच वाटायचं. मग एकदा एक रिकामा ट्रक शेजारून गेला, आणि मी घाबरायच्या आधीच माझी डावी बाजू घाबरून खाली बसली.

परवा गिअर अडकायला लागला. वैद्य म्हणाला, “एकीकडे अशीच एक उभी आहे. गिअरबॉक्स फक्कड. काळीच.”

“बघू,” मास्तर म्हणाले. “पण या खेपेला खुणा रंगानं करायच्या.”

म्हणून तुम्हाला विनंती आहे. कधी माझ्यात बसायची वेळ आली तर दार हळू लावा. जोरात लागलं की वाटतं, साखळी अडकली. आत आम्ही दोघी आहोत, आणि न्यायला आलेत ते आपल्यालाच, असं दोघींनाही वाटतं.