पुलावरून गेलेली लाल रेघ

आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि मोठीला आता गप्प बसायचं काही कारण उरलं नव्हतं.

घरात सगळे तिला मोठीच म्हणत. इस्पितळाच्या धुलाईघरात चाळीस वर्षं चादरी धुऊन, पिळून, इस्त्री करून तिच्या हातांची सालं निघाली होती. धाकटा भाऊ मात्र नकाशा कचेरीत चिकटला आणि साहेब म्हणून निवृत्त झाला. त्याचा हात सुरेख. डोंगर काढावेत तर त्यानंच, विंचरलेल्या केसांसारखे.

त्याची मुलगी वाचनालयात कामाला होती. तिनं यंदा तिथं प्रदर्शन ठरवलं. प्रत्येक घरानं आपल्या माणसांचा एक प्रवास नकाशावर काढून आणायचा. कुणी घरातून पळून गेलेल्या आजोबांची वाट काढली, कुणी शिवणयंत्र आणायला तीन गावं हिंडलेल्या आजीची. धाकट्यानं काढला तो आईचा प्रवास. वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘आईला पाठीवर घेऊन’.

ती गोष्ट नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ होती. आई तापानं फणफणलेली, गावात डॉक्टर नाही, आणि पंधरा वर्षांच्या पोरानं तिला पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या इस्पितळात नेलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. फक्त एकीच्या डोळ्यांत आग यायची, कारण पाठ तिची होती.

घडलं होतं ते असं. पहाटे दोघं आईला घेऊन निघाली. चुन्याच्या भट्टीपाशी पोचेतो धाकट्याचा दम संपला. गाडी बघून येतो म्हणाला आणि जो गेला तो गेला. घरी जाऊन झोपला, हे तिला मागाहून शेजारणीकडून कळलं. अठरा वर्षांच्या मोठीनं आईला चादरीनं पाठीशी बांधलं आणि दिवसभर चालली. संध्याकाळी आईला खाटेवर टाकलं आणि स्वतः व्हरांड्यात पडली, ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. तोवर धाकटा लांबच्या सडकेनं दुधाच्या गाडीत बसून आला होता. आईनं डोळे उघडले तेव्हा उशाशी तो.

‘‘तूच आणलंस होय रे मला?’’ आईनं विचारलं.

तो नाही म्हणाला नाही. एवढंच. पुढं वर्षागणिक गोष्टीला हातपाय फुटले. डॉक्टर म्हणाले होते, बाईंच्या जिवाला त्रास होईल असं काही बोलू नका. मोठी तेव्हा गप्प बसली आणि मग बसतच गेली. आई त्या गोष्टीवर चव्वेचाळीस वर्षं जगली. शेवटच्या दिवशीही तिनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्या पोरानं मला डोंगर ओलांडून आणलं, असं म्हणून डोळे मिटले. त्या घडीला मोठी तिच्या अंगाखालची चादर बदलत होती.

प्रदर्शनाला चार दिवस होते तेव्हा मोठी भावाकडे गेली. मनात होतं की कागद टराटरा फाडायचा. नकाशा मेजावर पसरलेला होता. तिनं लाल रेघेवर बोट ठेवलं आणि घरापासून निघाली. भट्टी गेली, टेकाड गेलं. नदी आली. रेघ नदीवरच्या पुलावरून सरळ पलीकडं गेली होती.

मोठीचं बोट तिथंच थांबलं. त्या वर्षी नदीवर पूल नव्हता. साहेबानं कचेरीतला ताजा नकाशा समोर ठेवून वाट उतरवली होती. आयुष्यभर दुसऱ्याची मापं कागदावर उतरवणाऱ्याला त्यात वावगं काय दिसणार? चालला असता तर दिसलं असतं.

‘‘रेघ छान आलीय हो,’’ ती म्हणाली. चहा घेतला आणि घरी आली. त्या चार दिवसांत तिनं राग थंड होऊ दिला नाही, मंद आचेवर आधण ठेवतात तसा ठेवला. एक काम मात्र केलं. मामांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ऐंशी वर्षांचे, कानानं कमी, हाडाचे गवंडी. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच पुलाच्या दगडाखाली चेपली होती.

प्रदर्शनाच्या सकाळी दालन भरलं. भाचीनं वडिलांचा नकाशा दारासमोरच लावला होता. जावा, भाचे, कचेरीतले जुने सोबती, सगळे त्याच्याभोवती जमले. मोठीनं मामांना खुर्चीत बसवलं आणि गोड आवाजात भावाला म्हणाली की बोट ठेवून सांग, मामांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं.

धाकटा फुलला. बोट रेघेवरून निघालं. कुठं आई कण्हली, कुठं त्याचे पाय सोलले, सगळं सांगत सांगत तो नदीपाशी आला. ‘‘इथं पुलाच्या कठड्याला टेकलो आणि आईला पाणी पाजलं.’’

‘‘कुठल्या पुलाच्या?’’ मामांनी विचारलं.

‘‘आपल्याच की, मामा.’’

‘‘अरे, तो पूल आम्ही बांधायला घेतला तेव्हा तुझी मिशी जुनी झाली होती. तू टेकलास कशाला, बाबा?’’

कुणीतरी हसलं आणि हसू मध्येच गिळलं. धाकटा सावरून म्हणाला की नकाशा नवा आहे, रस्ते हल्लीचे दाखवावे लागतात.

‘‘बरोबर आहे,’’ मोठी म्हणाली. ‘‘मग त्या वेळची वाट काढ. नदी कुठून ओलांडलीस?’’

धाकट्याचं बोट पुलावरून बाजूला सरकलं.

‘‘पाणी किती होतं?’’

‘‘गुडघाभर असेल.’’

‘‘छातीला लागत होतं. आईचे पाय भिजायला लागले म्हणून मी तिला खांद्यावर चढवलं.’’

भाची आधी आत्याकडं बघत राहिली, मग वडिलांकडं. वडिलांनी मान वर केली नाही, तेव्हा तिला जे कळायचं ते कळलं. तिनं मुकाट्यानं नकाशा काढून मेजावर ठेवला, कोरा कागद आणला आणि वडिलांच्या हातात लेखणी दिली.

‘‘मोठे, लोक बघतायत,’’ तो पुटपुटला.

‘‘म्हणून तर आज.’’

ती सांगत गेली आणि तो काढत गेला. उतार कुठं, खाण कुठं, आईला कुठं उलटी झाली, कुठं चादरीची गाठ सुटली. तरीही रेघ सुबक येत होती, आणि त्याचंही मोठीला बरं वाटलं. शेवटी तिनं त्याला परत भट्टीपाशी आणलं. तिथं ठिपका द्यायला लावला आणि पुढं त्याच्याच टपोऱ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘धाकटा इथून परत फिरला’.

‘‘झालं आता समाधान?’’ त्यानं हळूच विचारलं.

‘‘नाही. आईनं तुझ्या डोक्यावरून फिरवलेला हात मला काढून घेता येत नाही. तेवढा सोडून बाकी सगळं घेईन.’’

प्रदर्शन आठ दिवस चाललं. ज्यानं नकाशा काढला त्यानंच शेजारी उभं राहून येणाऱ्याला वाट सांगायची, असा नेम होता. भाची म्हणाली, बाबा, नेम सगळ्यांना सारखा. मोठी रोज दार उघडायच्या आधी हजर. समोर खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसायची. धाकटा खालच्या आवाजात सांगायचा, मोठी बहीण अशी गेली, अशी गेली. भट्टी आली की बोट जरा घाई करायचं. ठिपका चुकवून ते पुढं सरकलं की मोठी खोकायची.

पाहुणा वळून बघायचा. धाकटा बोट मागं घ्यायचा आणि पुन्हा भट्टीपासून सांगायला लागायचा.