शेवटच्या ठाण्याला आधी

सप्तवलय दीर्घिकेत वाहतं पाणी कुठंच नव्हतं. बर्फ होता, तोही सगळ्यांत बाहेरच्या सातव्या वलयात, आणि तो चोरून ठाण्याठाण्यांवर पोचवण्यावर दोन टोळ्या जगत होत्या. राखी टोळीचं नेतृत्व गंधककडे होतं आणि कातळ टोळीचं खडककडे. तीन वर्षं त्यांनी एकमेकांची जहाजं लुटली, एकमेकांची माणसं फितवली. एकदा खडकने गंधकचा अख्खा तांडा एका विझत्या ताऱ्याभोवती अडकवून ठेवला होता.

खेळातली गंधक म्हणजे प्रत्यक्षातली आसमीन तांबोळी. दौंडला रेल्वेलाइनपलीकडे ती एका खोलीत एकटी राहायची आणि माती-पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करायची. अम्मी गेली, भाऊ मस्कतला. शेजारी हमीदाचाची कधी वाटीभर सालन आणून देत आणि दारातूनच परत जात. पुण्यातल्या काही मुलांनी फोनवरचा हा खेळ मराठीत बनवला होता. त्यात चित्रं नव्हती, सगळं लिहून खेळायचं. म्हणून तो आसमीनला आवडला. लिहिताना कुणी तिला घाई करत नसे.

दोन म्होरक्यांना एकमेकांशी बोलायची एकच सोय होती. दिवसातून एक धमकी पाठवता येई. सुरुवातीला त्या धमक्याच होत्या. पुढे पुढे तसं राहिलं नाही.

एकदा आसमीनने लिहिलं, ‘तुझ्या ठाण्यावरचा दिवा मला इथून दिसतो.’

उत्तर आलं, ‘दिसू दे. म्हणूनच लावलाय.’

ते वाचून ती बराच वेळ गॅसवर ठेवलेला चहा विसरली होती.

खडकच्या खेळात एक गोष्ट तिला समजत नव्हती. मार्ग ताब्यात आला की बर्फ कुणाला आधी द्यायचा हे म्होरक्या ठरवतो. सगळे म्होरके जवळच्या ठाण्यापासून सुरुवात करत; इंधन कमी लागतं, वसुली लवकर होते. खडक नेहमी सर्वांत लांबच्या ठाण्याला आधी बर्फ देई आणि मग एकेक ठाणं करत मागे येई. आसमीनला हा शुद्ध वेडेपणा वाटे. पण कातळ टोळीची टोकाची ठाणी कधीच फितूर होत नसत, हेही तिने पाहिलं होतं.

उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. मातीची पिशवी घेऊन आलेले एक आबा चिडून सांगत होते, कालव्याचा नियम काय, तर पाणी टेलला आधी. शेवटच्या शेताचं भिजलं की मग वरच्याचं. वरच्याला आधी दिलं तर खाली थेंब पोचत नाही. पण वरचे ऐकतात कुठं, दारं उचकटून मोकळे होतात. आसमीनचा हात तराजूवर थांबला. खडक कालव्यावरचा माणूस होता.

मग तिला बाकीचंही दिसू लागलं. खडक वर्षातून काही वेळा खेळातून नाहीसा होई. त्या तारखा तिने आसपासच्या कालव्यांच्या आवर्तनांशी, म्हणजे पाणी सुटण्याच्या पाळ्यांशी, लावून पाहिल्या. घोड कालव्याशी त्या जुळल्या, आणि नेहमी पाळीच्या सुरुवातीलाच जुळल्या. म्हणजे शेत चारीच्या, कालव्यातून फुटणाऱ्या पाटाच्या, टोकाला. गेल्या वर्षी निमोण्याकडची चारी फुटली आणि पाळी आठवडाभर लांबली, तेव्हा खडकही आठवडाभर उशिरा नाहीसा झाला होता. एवढ्या पुराव्यावर तिने प्रयोगशाळेतलं कुठलंही अनुमान मान्य केलं असतं. तिने ते कुणालाच सांगितलं नाही. तिच्या दिवसाशी ज्याचा काही संबंध होता असा तो एकच माणूस होता, आणि तो बसने जाण्याइतका जवळ आहे हे कळल्यावर ती आणखीच गप्प झाली.

जानेवारीत आवर्तन सुटलं आणि खडक नाहीसा झाला. राखी टोळीत आसमीनच्या खालोखाल असलेला ‘सम्राट’ सांगलीच्या एका बँकेत कामाला होता. कातळच्या ठाण्यावर म्होरक्या नाही हे त्याच्या लक्षात आलं. मुख्य ठाणं पाडायची हीच वेळ, असं त्याने लिहिलं. ठाणं पडलं की म्होरक्याचं नाव खेळातून कायमचं पुसलं जाई. तो माणूस परत आला तरी नवं नाव घेऊन येणार, आणि शेकडो नावांत तो कोणता, हे कुणाला कळणार नाही.

आसमीनने थांबायला सांगितलं.

“ताई, त्याला लोणच्यासारखा मुरवत ठेवलाय का तुम्ही?” सम्राटने सगळ्यांसमोर लिहिलं.

टोळीने मतं घेतली, ती हरली. हल्ला रविवारी दिवेलागणीला ठरला. तिने खडकला धमकी म्हणून इशारा पाठवला. तो न वाचलेलाच राहिला.

रविवारी सकाळी तिने नमुन्याच्या रिकाम्या पिशव्या पर्समध्ये टाकल्या आणि शिरूरची एसटी धरली. न्हावऱ्याला उतरून टमटमने निमोण्याला गेली, आणि तिथून चारीच्या कडेकडेने चालत निघाली. चारीत पाणी होतं. दोन्ही बाजूंचे वरचे वाफे अजून कोरडे होते.

चारी संपत होती तिथं कांद्याचं शेत होतं. बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, तिच्याच वयाची एक बाई फावड्याने एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडत होती. आसमीनने प्रयोगशाळेचं नाव सांगितलं, मातीचा नमुना हवा होता म्हणाली.

“रविवारी?” म्हातारे म्हणाले. “मंजी सरकारी न्हाई तुम्ही.”

ते आप्पा, त्या बाईचे सासरे. बाईचं नाव शितल. नवरा रांजणगावला कंपनीत होता, तिकडंच खोली करून राहत होता. हे सगळं आप्पांनीच सांगितलं. शितल फावडं चालवत राहिली. घरात आणखी कुणी आहे का, असं आसमीनने विचारलं. कोण असणार, आम्ही दोघंच, असं म्हणून आप्पा वर कुणी चारी फोडली नाही ना ते बघायला निघून गेले.

आसमीन आप्पांच्या पाठीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने मनातल्या खडकला मिशा दिल्या होत्या.

“खडक तुम्ही आहात का?” तिने विचारलं.

फावडं थांबलं. शितलने आधी सासऱ्यांकडे पाहिलं; ते लांब गेले होते.

“कुणाला सांगितलं तुम्ही?”

“कुणालाच नाही. आज दिवेलागणीला तुमचं मुख्य ठाणं पडणार आहे. आत्ता घरी गेलात तर वाचेल.”

शितलने पायाशी सरकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. “पाणी सोडून जाता येतंय व्हय? आज न्हाई भिजलं तर पुढली पाळी कवा यायची. आन् फोन पेटीत हाय, कपड्याखाली. आप्पा घरात असले की काढत न्हाई मी.”

आसमीन म्हणाली, नाव पुसलं जाईल. शितलला ते माहीत होतं. तिने एक वाफा भरू दिला, त्याचं तोंड बांधलं, मग विचारलं, “राखीतल्या तुम्ही?”

“हो.”

“गंधकनं धाडलं?”

आसमीनने होकारार्थी मान हलवली.

“त्याला सांगा,” शितल म्हणाली आणि शब्द शोधत थांबली. “सांगा, रोज कुणीतरी माझ्या दिव्याकडं बघायचं. लई झालं तेवढं.”

मीच ती, असं आसमीनच्या ओठांवर आलं होतं. पण शितलने ‘त्याला’ म्हटलं तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उजळला होता, आणि तो उजेड दौंडच्या प्रयोगशाळेतून आलेल्या बाईसाठी नव्हता. तेवढ्यात आप्पा परत येताना दिसले. आसमीनने वाकून मातीचा नमुना घेतला, शितलला विचारून पिशवीवर शेताच्या गटाचा नंबर लिहिला. सांगेन, असं खाली बघतच म्हणाली.

ठाणं पडलं तेव्हा ती परतीच्या एसटीत होती. खडकच्या नावाच्या जागी करडी रेघ आली. टोळीत जल्लोष चालला होता. तिने राखी सोडली. एका माणसाचीही टोळी चालते असा खेळात नियम होता. तिने तशी टोळी काढली आणि नाव गंधकच ठेवलं. मातीचा अहवाल तिने स्वतःच्या खर्चाने निमोण्याला पाठवून दिला. जमिनीत पालाश भरपूर होतं, नत्र कमी.

फेब्रुवारी गेला. रोज नव्या टोळ्या निघत आणि बुडत. कामावरून आल्यावर आसमीन त्यांच्या चाली वाचत बसे. सगळे बर्फ जवळच्या ठाण्यापासून वाटत होते.

होळीनंतर सहाव्या वलयात ‘मुरूम’ नावाची एक टोळी उभी राहिली. दोनच जहाजं. तिच्या हाती पहिल्यांदा बर्फ लागला तेव्हा वाटेतली सगळी ठाणी ओलांडून ती जहाजं टोकाच्या ठाण्याला गेली आणि तिथून वाटत वाटत मागे आली. ते ठाणं इतकं लांब होतं की निम्मं इंधन त्यातच संपलं.

आसमीनने तो उतारा दोनदा वाचला. मग दिवसाची एक धमकी लिहिली. ‘तुझ्या ठाण्यावरचा दिवा मला इथून दिसतो.’

ती खिडकीशी बसून राहिली. बाहेर मालगाडी थांबली होती, मग ती हलली. उत्तर आलं नाही. धमकी वाचलेलीही नव्हती.

उन्हाळी आवर्तन कालच सुटलं होतं. सकाळी प्रयोगशाळेत कुणीतरी तसं म्हणालं होतं. म्हणजे आज पाणी टोकाला पोचलं असणार. आसमीनने फोन उपडा ठेवला आणि चहाचं आधण टाकलं.