ओळखीचा पेपर

अंबादास गजभिये सरांनी आयुष्यात एकच गोष्ट जिवापाड जपली होती, ती म्हणजे त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये. माणसाने जपाव्यात अशा याहून बऱ्या गोष्टी असतात, पण ज्याची त्याची आवड. ते जबलपूरच्या एका सरकारी शाळेत भौतिकी शिकवायचे, शहराच्या रांझी भागात फॅक्टरीच्या क्वार्टर्समागच्या वस्तीत राहायचे आणि रविवारी सकाळी तिथल्या बुद्ध विहारात वस्तीतल्या पोरांचा वर्ग घ्यायचे. वस्तीतली बहुतेक घरं आजोबांच्या वेळी नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली. घरात मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी.

बोटाची धास्ती त्यांनी उगीच घेतली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी वस्तीतल्या एका मुलाच्या पाणबुडीला पहिला नंबर दिला. पाणबुडी खरंच चांगली होती, सांगितलं की बुडायची आणि सांगितलं की वर यायची. पण स्टाफरूममध्ये कोणीतरी चहात बिस्किट बुडवत म्हणालं, "अपने वालों को तो देंगे ही." सगळे हसले. सरही हसले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांची एक परिषद होती. ती दरवर्षी दहावीच्या मुलांसाठी भौतिकीची स्पर्धा घ्यायची. प्रश्न असे की घोकलेल्याचा काडीचा उपयोग होऊ नये, डोकंच चालवावं लागावं. त्या वर्षी स्पर्धेला वजन आलं होतं, कारण पहिल्या येणाऱ्याला भोपाळच्या एका निवासी विज्ञान शाळेत दोन वर्षं फुकट शिकायला मिळणार होतं. जागा एकच. पेपर परिषदेचे सचिव चौकसेजी काढणार आणि तपासणाऱ्यांत गजभिये सर. पेपरावर मुलाचं नाव नसायचं, नुसता क्रमांक. शिवाय नियम होता, की पेपर कोणाचा हे तपासणाऱ्याला कळलं तर त्याने तो बाजूला काढून दुसऱ्याकडे द्यायचा.

विहारातल्या वर्गातली विनता खोब्रागडे या स्पर्धेला बसली होती. तिचे वडील डोमाजी फॅक्टरीत कामगार होते. त्यांनी घरात ठरवून टाकलं होतं, पोरगी पहिली आली तर भोपाळ, नाही तर नागपूरला आत्याकडे नर्सिंगला. नर्सिंग वाईट नाही, आत्याने सगळं जमवून ठेवलं होतं. पण विनताला आकाशातून पडणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या, दोरीला लोंबकळणाऱ्या प्रत्येक वस्तूचं काहून आणि कसं हवं असायचं. वर्गातल्या सगळ्या पोरांनी मिळून विचारावेत तेवढे प्रश्न ती एकटी विचारायची.

पेपर तपासायला बसल्यावर सरांनी पाचवा प्रश्न वाचला आणि खुशीत मान हलवली. चौकसेजींनी तिलवाऱ्याचा पूलच उचलून प्रश्नात ठेवला होता. एक नाव नर्मदेच्या प्रवाहाविरुद्ध चालली आहे. पुलाखालून जाताना नावेतून एक नारळ पाण्यात पडतो. नावाड्याला ते अर्ध्या तासाने कळतं. तो तिथल्या तिथे नाव वळवतो, तेवढ्याच जोराने वल्हवत येतो आणि पुलाच्या तीन किलोमीटर खाली नारळ गाठतो. नदीचा वेग काढा.

अर्ध्या मुलांनी लिहिलं होतं की नावेचा वेग दिलेला नाही, सबब प्रश्न चूक आहे. काहींनी पानभर समीकरणं मांडून उत्तर काढलं होतं, चौकसेजींच्या नमुना उत्तरासारखं. त्या नमुन्याखाली चौकसेजींनी स्वच्छ लिहिलं होतं, दुसऱ्या कोणत्याही बरोबर रीतीला पूर्ण गुण.

मग एका पेपरात सरांना तीन ओळी दिसल्या. 'मान लो मैं पानी पर बैठी हूँ। मेरे लिए नारियल वहीं का वहीं है, नाव आधा घंटा दूर गई तो लौटेगी भी आधे घंटे में। एक घंटे में नारियल तीन किलोमीटर बहा, तो नदी तीन किलोमीटर प्रति घंटा।'

सरांचा हात थांबला. पाण्यावर बसणं त्यांचं होतं. हिवाळ्यात त्यांनी विहारातल्या वर्गातली पोरं तिलवाऱ्याच्या घाटावर नेली होती, भाड्याची नाव प्रवाहात नेऊन वल्ही उचलून धरायला लावली होती आणि कोणीतरी नर्मदेला वाहिलेला नारळ दाखवला होता. नावही वाहत होती, नारळही वाहत होता, आणि दोघांमधलं अंतर हलत नव्हतं. "काठावर उभं राहून काहून पाहता? पाण्यावर बसा, मग पाहा," असं ते तेव्हा म्हणाले होते. बाकीची पोरं नाव डोलवण्यात दंग होती. एकट्या विनताने परतीच्या वाटेवर बसमध्ये त्यांना पिडून पिडून ते समजून घेतलं होतं.

पेपर तिचा आहे हे कळलं त्याच क्षणी तो बाजूला ठेवायला हवा होता. सरांनाही ते ठाऊक होतं. पण बाजूला ठेवायचा म्हणजे चौकसेजींना सांगायचं, की ही माझ्या ओळखीची आहे. मग चौकसेजी विचारणार, आपकी कौन लगती है? आणि ती पहिली आली तर? बिस्किट चहात बुडवणारा तो माणूस केव्हाच बदली होऊन गेला होता, पण सरांच्या डोक्यातून त्याची बदली झाली नव्हती. दहापैकी दहा लिहायला निघालेल्या पेनाने सहा लिहिले आणि शेजारी शेरा मारला, 'चरण नहीं दिखाए', म्हणजे पायऱ्या दाखवल्या नाहीत. तिसऱ्या प्रश्नात एका मुलाने याहून कमी पायऱ्या दाखवल्या होत्या. त्याला सरांनी पूर्ण गुण दिले होते. तो अनोळखी होता.

शुक्रवारी निकाल लागला, प्रश्नवार गुणांसकट. विनता दुसरी आली, दोन गुणांनी. पहिला आलेला मुलगा बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्याचा, हुशार आणि सालस. चौकसेजींनी निकालाच्या सभेत सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "गजभियेजी जैसा कड़क परीक्षक दूसरा नहीं," असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ही शाबासकी ऐकायला सर इतकी वर्षं थांबले होते, आणि ती मिळाली तेव्हा त्यांना मान वर करवेना.

बाहेर विनता उभी होती. रडली नव्हती, नुसती गोंधळली होती. "सर, पाचव्यात चार कटले. मी मोजून राहिली होती, मला वाटलं तो पूरा सही आहे. कुठं चुकलं?"

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. मग म्हणाले, "पायऱ्या लिहायला पाहिजे होत्या."

"अच्छा," ती म्हणाली. तिने त्यावर जराही शंका घेतली नाही. सर म्हणतात म्हणजे असणार. "माझीच गलती झाली सर. तुम्ही इतकं शिकवलं होतं."

घरी आल्यावर सरांनी ताटावर बसून भाताला नुसता हात लावला. त्यांची बायको शैलजा हे बघत होती. तिने खोदून विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, म्हणजे आधी नियम सांगितले, मग परिषदेची रीत सांगितली आणि शेवटी पुटपुटत खरं सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून पोरीचं भोपाळ गेलं," शैलजा म्हणाली.

"तसं नाही ना ते."

"मग कसं आहे, सांगा ना जी."

सर ताट उचलून मोरीकडे गेले. शनिवारी शाळेत त्यांनी दोन वर्गांना एकच धडा दोनदा शिकवला. दुसऱ्या वर्गाने तो ऐकूनही घेतला, कारण मुलांना फरक पडत नाही. पहिल्या आलेल्याचं नाव सोमवारी भोपाळला जाणार होतं. सोमवार उलटला की काही करता येणार नाही, ही गोष्ट सरांना घाबरवत होती आणि खरं सांगायचं तर थोडा दिलासाही देत होती. त्या दिलाशाची त्यांना जास्त लाज वाटली.

रविवारी ते विहारात जरा उशिराच गेले. जावं की न जावं यात वेळ गेला होता. आत विनताने लहान पोरांना फळ्यासमोर बसवून घेतलं होतं. फळ्यावर तिने पूल काढला होता, नाव काढली होती, नारळ काढला होता. सर दाराशी चपला काढता काढता थांबले.

एक मुलगी म्हणाली, "दीदी, पाण्यावर बसायचं ना? सर बोलले होते."

"नाही," विनता म्हणाली. "वो सब घाटावर गंमत करायला ठीक आहे. पेपरात तसं नाही करायचं, मार्क कटतात. काठावरच उभं राहायचं. पहले लिखो, मान लो नाव का वेग व्ही..." आणि ती पानभर समीकरणं फळ्यावर उतरवू लागली, चौकसेजींच्या नमुन्यात होती तशीच. पोरं मुकाट्याने उतरवून घेऊ लागली.

सरांनी काढलेली चप्पल परत पायात घातली. चार गुण कापले तेव्हा एका पोरीचं नुकसान केलं असं ते दोन दिवस स्वतःला सांगत होते. आता ती पोरगी त्यांची खोटी गोष्ट खरी मानून पुढच्यांना शिकवत होती, तीही त्यांच्याच फळ्यावर. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते याला. सरांना इतकी शरम वाटली, की आत जाऊन फळा पुसण्याचंही त्यांच्याच्याने झालं नाही.

तिथून ते थेट सायकलवर बडा फुहाऱ्याच्या गल्लीत चौकसेजींच्या घरी गेले. चौकसेजी अंगणात उन्हात बसून वर्तमानपत्र वाचत होते. सरांनी उभ्या उभ्या सांगितलं. पेपर ओळखला, बाजूला ठेवला नाही, बरोबर उत्तराचे गुण कापले.

चौकसेजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पहचान के बढ़ाते हुए तो बहुत देखे," ते म्हणाले, "पहचान के काटने वाला आज देखा." मग त्यांनी विचारलं, "आपकी कौन लगती है?"

"मेरी विद्यार्थिनी है," सर म्हणाले. इतक्या वर्षांच्या भीतीचं उत्तर एवढंसंच होतं.

चौकसेजींनी आतून तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा आणला, त्यातून विनताचा काढला, तीन ओळी दोनदा वाचल्या आणि सहा खोडून दहा लिहिले. शेरा वगैरे काही नाही. "इससे अच्छा उत्तर तो मेरे पास भी नहीं था," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "और उस लड़के के घर मिठाई बँट चुकी है, पता है? उसके बाप को क्या मुँह दिखाऊँ?"

"मैं जाकर बता देता हूँ."

"आप अब कहीं मत जाइए. मैं ही जाऊँगा." मग ते थोडे नरमले. "अगले साल से जाँचने की कॉपियाँ आपके पास नहीं आएँगी, गजभियेजी. बुरा मत मानिए."

सरांनी वाईट मानलं नाही. रांझीच्या चढावर सायकल हाताने ढकलताना त्यांना हलकं वाटत होतं, आणि एवढ्या स्वस्तात हलकं वाटतंय याचाच त्यांना संशय येत होता.

डोमाजींच्या क्वार्टरमध्ये सगळे घरीच होते. बातमी ऐकून विनताची आई कलावती मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. डोमाजी दोन्ही हात जोडून उभे राहिले. "सर, तुमच्यामुळं झालं. तुम्ही गेले म्हणून झालं, नाही तर आमच्यासाठी कोण जाते जी? बसा ना, चहा घ्या."

इथे गप्प बसलं असतं तर चहा मिळाला असता, आयुष्यभराचा मानही मिळाला असता. सरांच्या जिभेवर ते गप्प बसणं आलंसुद्धा. पण समोर विनता उभी होती आणि तिला कळत नव्हतं की पायऱ्या न लिहिता दहा कसे मिळाले.

"डोमाजी, हात खाली घ्या," सर म्हणाले. "ते चार मार्क मीच कापले होते."

 डोमाजींचे हात जोडलेलेच राहिले, खाली घ्यायचे ते त्यांना सुचलं नाही. "काही कारण असंल सर," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही उगीच कापणारे नाही."

"काहून कापले?" विनताने विचारलं.

"तुझी रीत ओळखली. पेपर तुझा आहे हे कळलं. लोक म्हणतील, आपल्या पोरीला दिले." सर थांबले. "पायऱ्यांचं खोटं होतं. तुझं उत्तर पूर्ण बरोबर होतं. पाण्यावर बसणं बरोबर होतं."

 कोडं सोडवताना जशी बघायची तशी विनता सरांकडे बघत होती, आणि सरांना ती नजर चुकवता येत नव्हती. ती रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"चौकसेजींनी पूरे दिले?" तिने विचारलं.

"पूर्ण दिले. म्हणाले, याहून चांगलं उत्तर नाही."

"अच्छा," ती म्हणाली. "ते मला ओळखत नाहीत ना, म्हणून."

मग ती आईला हात देऊन उठवायला वळली, आणि सर चहा न घेताच बाहेर पडले.