कोळंबीचा मूळ देश

आपल्या पानात पडणारा मासा जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून आला हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक माणसाला आहे, आणि तो नाकारणं म्हणजे त्याच्या माणूसपणावरच घाला घालणं होय. निदान दुकानाच्या मॅनेजरने सकाळी जो कागद वाचून दाखवला त्यात असं लिहिलं होतं. ऐकायला मासळीवाला होता, शेजारच्या काउंटरचा चिकनवाला होता आणि फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. पण मावशी फरशी पुसत होत्या. त्या दुकानात हा अधिकार आजवर एकाच गिऱ्हाइकाने बजावला होता. बाकीचे "ताजा आहे ना?" एवढंच विचारत, आणि उत्तर यायच्या आत फोनकडे बघायला लागत.

"म्हणजे करायचं काय?" मासळीवाल्याने विचारलं.

"प्रत्येक ट्रेमध्ये पाटी खोचायची. नाव, मूळ देश, आणि समुद्रात पकडलाय की तळ्यात वाढवलाय ते. सोमवारपासून."

"आणि एका देशात पकडला, दुसऱ्या देशात साफ केला, तिसऱ्या देशात गोठवला तर?"

"पकडला तो देश."

"माझी बायको जन्मली एकीकडे, वाढली मामाकडे, नांदतेय माझ्याकडे," चिकनवाला म्हणाला. "तिचा मूळ देश कुठला धरायचा?"

"भांडण झालं की जिथे जाते तो." मॅनेजर वर्षाकाठी एक विनोद करत असे. ह्या वर्षीचा झाला.

"आणि ते पीठ लावलेले तुकडे?" मासळीवाल्याला कामाचं पडलं होतं.

"त्यांना पाटी नको. पीठ लावलं की मूळ देश लागत नाही."

"सोपं आहे की," चिकनवाला म्हणाला. "उद्यापासून मीच तोंडाला पीठ लावून येतो. कोणी विचारायला नको, कुठून आलास म्हणून."

मासळी विभागात मासळीवाला एकटाच असल्यामुळे तो विभागप्रमुखही होता आणि विभागही होता. बर्फ पसरायचा, त्यावर मासे मांडायचे, मागितला तो उचलायचा, खवले काढायचे, पिशवी बांधून द्यायची, आणि संध्याकाळी बर्फ मोरीत लोटायचा. ह्या कामाला बोलावं लागत नाही. घरीही लागत नसे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि रविवारी बहिणीचा फोन यायचा त्यात बोलायचं काम ती करायची. "जेवलास ना?" हा त्यातला एकमेव प्रश्न, आणि तो ती फोन ठेवता ठेवता विचारायची. त्यामुळे बुधवारी सकाळी काउंटरवर उभं राहिल्यावर त्याला आधी दोनतीनदा खाकरून घ्यावं लागे. आवाज गंजल्यासारखा यायचा.

बुधवारी बाई यायच्या.

बाई म्हणजे तेच ते अधिकार बजावणारं गिऱ्हाईक. साठीच्या पुढच्या, नोकरीतून मोकळ्या झालेल्या, सुना-नातवंडं दूर असलेल्या. दुपारी दुकान ओस पडलं की कापडी पिशवी घेऊन येत आणि कोळंबीच्या ट्रेकडे बोट दाखवून विचारत, "ही कुठली हो?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने खोक्यावरचा देश वाचून सांगितला होता. "इक्वेडोर."

"हे कुठं आलं?"

"पृथ्वीच्या पोटावरून रेघ जाते ना, तिथं."

"अगबाई. मग उकाडा असेल मेला."

"समुद्रावर वारं असतं," तो म्हणाला होता.

"तुम्ही जाऊन आलाय?"

"नाही. माल येतो."

बाई खळखळून हसल्या होत्या. त्याच्या बोलण्यावर कोणीतरी हसल्याला बराच काळ लोटला होता. त्या रात्री घरी त्याने फोनवर नकाशा काढला, आणि पुढच्या बुधवारी त्याच्याजवळ सांगायला होड्या होत्या. त्यापुढच्या बुधवारी पहाटे जाळी ओढणारी माणसं आली, मग त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी आले, मग एक वादळ आलं. वादळ त्याने बेताचंच ठेवलं, कोणी बुडू दिलं नाही. बाई पिशवी काउंटरवर टेकवून ऐकत, मधेच "मग त्या बायका काय करतात हो, घरी?" असं काहीतरी विचारत, आणि त्याला पुढच्या बुधवारचा अभ्यास मिळे. असं दोन वर्षं चाललं. त्याने स्वतः समुद्र पाहिला नव्हता. पण मासे विकणाऱ्याने तो पाहिलाच पाहिजे असा काही नियम अजून निघाला नव्हता.

निघाला तो हा पाट्यांचा.

रविवारी संध्याकाळी तो पाट्या लिहायला बसला आणि त्याने कोळंबीच्या खोक्याची बाजू पहिल्यांदाच खालपर्यंत वाचली. देश तोच होता. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तळ्यात वाढवलेली.

त्याने दुसरं खोकं पाहिलं. तिसरंही पाहिलं. कोळंबी सगळीच तळ्यातली होती. होड्या, जाळी, पक्षी, बेताचं वादळ, सगळं बाहेर राहिलं. एका चौकोनी तळ्यात कोणीतरी वेळच्या वेळी खाणं टाकत होतं आणि ती वाढत होती.

सोमवारी सगळ्या ट्रेंमध्ये पाट्या लागल्या. मॅनेजरने फोटो काढून वर पाठवला. बुधवारी दुपारी मात्र कोळंबीची पाटी ट्रेमधून निघून मासळीवाल्याच्या एप्रनच्या खिशात गेली, आणि बाई आल्या तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "ही कुठली हो? हिला पाटी नाही ती?"

"करायचीय अजून. तिकडचीच आहे. ह्या खेपेला मोठी आहे जरा, पाणी थंड होतं म्हणे."

बाई पाव तास थांबल्या. त्या गेल्यावर पाटी परत ट्रेमध्ये.

चार-पाच बुधवार गेल्यावर चिकनवाल्याने सुरी पुसत विचारलं, "काय हो, कोळंबीची पाटी कुठं गेली?"

"ओली झाली. नवी लिहायचीय."

"बुधवारीच बरी भिजते."

"बर्फ आहे. पाणी होणारच."

"बांगडे कोरडे, सुरमई कोरडी, आणि कोळंबीलाच पाणी सुटतंय. करून टाका एकदाचं लग्न."

"गप रे. नातवंडं आहेत त्यांना."

"कोळंबीला? असतील, असतील."

मासळीवाल्याने त्याच्या अंगावर बर्फाचा खडा फेकला. दिवसभर त्याला राहून राहून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय ह्याची धास्तीही वाटत होती. सगळं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येई. बाई, ती तळ्यातली आहे, मला ठाऊक नव्हतं. पण मग बाई म्हणतील, बरं. आणि "बरं"नंतर पुढच्या बुधवारी काय बोलायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

एका मंगळवारी मॅनेजरने त्याला आत बोलावलं. आत म्हणजे साबणाच्या खोक्यांच्या मागे, जिथे मॅनेजरची खुर्ची होती.

"तुमच्याबद्दल गिऱ्हाइकाचा निरोप आलाय. कोळंबीला पाटी नसते म्हणे."

मासळीवाल्याने एप्रनच्या खिशावर हात ठेवला. "कोण म्हणालं?"

"त्या बाई नाही का, कापडी पिशवीवाल्या. मुद्दाम थांबून बोलल्या माझ्याशी."

"रागावल्यात का?"

"छे हो. उलट तुमची बाजू घेत होत्या. म्हणाल्या, भला माणूस आहे, पाटी नाही म्हणून त्या बिचाऱ्याला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. उभ्या उभ्या दमतो. त्यांना एक पाटी करून द्या, त्रास वाचेल त्यांचा." मॅनेजरने खोक्यावर बोटं वाजवली. "आता सांगा, मी काय समजायचं? पाटी मी स्वतः पाहिलीय सोमवारी."

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं, आणि खोटं त्याने सगळं कोळंबीवर खर्च केलं होतं.

"पडून जाते," तो म्हणाला.

"मग बांधून टाका," मॅनेजर म्हणाला, आणि त्याने खणातून तारेचा तुकडा काढून दिला.

बुधवारी दुपारी पाटी तारेने ट्रेला बांधलेली होती. अक्षर त्याने शक्य तितकं बारीक काढलं होतं, पण 'तळ्यात' हा शब्द कितीही बारीक लिहिला तरी तळ्यातच राहत होता. बाई लांबून येताना दिसल्या तसा तो खाकरला. काय सांगायचं ते त्याने रात्री जुळवून ठेवलं होतं. आधी माफी, मग तळं. तळ्यांबद्दलही त्याने थोडं वाचलं होतं. तिथेही माणसं राबतात, पहाटे उठतात, पक्षी येतात आणि त्यांना हाकलायला एक माणूस ठेवलेला असतो. त्या हाकलणाऱ्या माणसावर दोन-तीन बुधवार सहज निघाले असते.

बाईंनी पिशवी काउंटरवर टेकवली. ट्रेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लागली वाटतं पाटी! मीच सांगितलं हो तुमच्या साहेबांना."

"हो. कळलं मला."

"आता तुम्हाला त्रास नाही."

"नाही."

"अर्धा किलो द्या."

त्याने कोळंबी तोलली. तोलताना काटा स्थिरावू दिला, पुन्हा स्थिरावू दिला. बाई पाटीकडेच बघत होत्या, मान थोडी वाकवून.

"बाई, त्यावर लिहिलंय ते..."

"लिहिलंय ना सगळं? मग झालं तर." त्यांनी पिशवी पुढे केली. "उगीच तुमचा घसा कशाला शिणवायचा?"

त्याने पिशवीत कोळंबी ठेवली. वरून थोडा बर्फ घातला. बाई "येते हं" म्हणाल्या आणि भाज्यांच्या रांगेतून वळून दाराकडे गेल्या. एकूण दीड-दोन मिनिटं लागली असतील.

"लवकर गेल्या आज," चिकनवाला म्हणाला.

ट्रेमधली उरलेली कोळंबी मासळीवाल्याने हाताने सारखी केली.

बाईंनी पाटी वाचली नव्हती. जवळचं वाचायला त्यांना चष्मा लागायचा, आणि तो त्या घरीच ठेवून यायच्या.