केकचा वरचा मजला

मित्रांनो, जिन्यावरून जरा जपून खाली या, तिसरी पायरी हलते. वॉशिंग मशीनच्या शेजारी ही जी पांढरी, लांबट पेटी घरघरते आहे ना, तो मी. मी एक जुना डीप फ्रीझर आहे. एडमंटनच्या या बेसमेंटमध्ये मी सत्तावीस वर्षं उभा आहे. जो थंड असतो तो स्वभावानेही शांत असतो, असा लोकांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. दर थोड्या वेळाने माझ्या पोटातलं यंत्र धडधडू लागतं, थांबतं, आणि पुन्हा सुरू होतं. स्वस्थ बसणं मला कुणी शिकवलंच नाही.

माझा जन्म ओंटारिओतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, आत जाड अस्तर भरलं, झाकणाला रबराची कड लावली आणि मला रेल्वेने इकडे पाठवलं. माझे पहिले मालक शिकारीचे शौकीन होते. मूस नावाचा घोड्याएवढा प्राणी असतो, त्याचं मांस ते थंडीभर माझ्यात साठवत. त्यांची बायको उन्हाळ्यात बेरी वेचून माझे कोपरे भरायची. बर्फाने रस्ते बंद झाले की मालक माझ्या झाकणावर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "हा आहे तोवर आपण उपाशी मरत नाही." मी फुगून जायचो. ते दिवस माझ्या ऐटीचे होते.

सत्त्याण्णव साली त्यांनी घर विकलं. मला जिन्यावरून वर चढवायला चार माणसं लागली असती, म्हणून मला इथेच सोडून ते निघून गेले. घराबरोबर मीही नव्या मालकांच्या पदरात पडलो.

नवे मालक भगवानराव शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर. त्यांच्या पत्नी कांताबाई डे-केअरमध्ये मुलं सांभाळायच्या. दोघं मूळची नागपूरकडची, आणि राजरत्न हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरून बुद्धवंदना ऐकू यायची, मागोमाग फोडणीचा वास यायचा. माणसं चांगली होती. पण माझं दुर्दैव असं, की या घरात शिळं खायचं नाही असा कांताबाईंचा दंडक होता. सकाळची भाजी रात्री नाही, रात्रीचा भात सकाळी नाही. त्यांचं मोजमाप इतकं पक्कं, की पातेल्यात घासभरही उरायचं नाही. मित्रांनो, माझा जन्मच मुळी उरलेलं जपण्यासाठी! अकरा वर्षं मी मटारच्या चार पिशव्या, बर्फाचे ट्रे आणि सेलमध्ये आणलेले मासे एवढ्यावर काढली. एवढ्या मोठ्या पोटात ओंजळभर मटार घेऊन घरघरायची मला लाज वाटायची.

मग दोन हजार आठच्या जूनमध्ये राजरत्नचं लग्न झालं. सून दीपा लहानपणापासून याच देशातल्या बर्नाबी शहरात वाढलेली, आणि इथे सरकारी कचेरीत नोकरीला. लग्न कम्युनिटी हॉलमध्ये बौद्ध पद्धतीने लागलं, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला तीन मजली केक आला. तो दीपाच्या ऑफिसातल्या एल्सी नावाच्या वयस्कर बाईंनी स्वतःच्या हातांनी केला होता. दुसऱ्या दिवशी दीपा आणि राजरत्न एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन खाली आले. आत केकचा सगळ्यात वरचा, छोटा मजला होता.

"आमच्या कॉन्डोतल्या फ्रीजमध्ये हा मावणारच नाही," दीपा म्हणाली. "इथे सेफ राहील ना?"

"यू रिअली वॉन्ट टू ईट अ वन-इयर-ओल्ड केक?" राजरत्न हसत होता.

दीपा हसली नाही. "एल्सी म्हणते, फर्स्ट ॲनिव्हर्सरीला दोघांनी मिळून खायचा. तिने आणि तिच्या नवऱ्याने खाल्ला होता, आता त्यांना फॉर्टी-वन इयर्स झाली. राज, माझे मॉम-डॅड मी नऊ वर्षांची असताना वेगळे झाले. मला खूप काही नको. एक वर्ष झालं, एवढं हातात धरून बघायचंय."

तिने खोका प्लास्टिकमध्ये तीन वेळा गुंडाळला आणि माझ्या तळाशी ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, अकरा वर्षांनी कुणीतरी मला खरं काम दिलं.

पण माझा आनंद दोनच दिवस टिकला. कपडे धुवायला खाली आलेल्या कांताबाईंनी झाकण उघडलं, खोका पाहिला आणि तशाच उभ्या राहिल्या. माझ्यातली थंडी वाफ होऊन त्यांच्या चेहऱ्यावर जात होती, तरी त्या हलल्या नाहीत. त्या रविवारी सगळे जेवायला आले तेव्हा वरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"दीपा, बेटा, तो केक आजच खाऊन टाका ना. काहून ठेवून राहिली?"

"आई, इट्स अ ट्रॅडिशन. वर्षाने खायचा असतो."

"वर्षभराचं शिळं? लग्नाचं उरलेलं? माझ्या घरात?"

"फ्रोझन आहे आई, शिळा नाही होत."

"तुम्ही त्याले काहीही म्हणा," कांताबाई म्हणाल्या, "उरलेलं ते उरलेलंच."

भगवानरावांनी विषय बदलला. त्यांना तो बदलायची सवयच होती. पण विषय काही संपला नाही. दिवाळीच्या दिवसांत निघाला, नाताळात निघाला. "फेकून दे," "राहू द्या ना आई," "फेकून दे," "प्लीज आई." दर वेळी दीपाचा आवाज थोडा आणखी कोरडा व्हायचा. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कांताबाई खाली येऊन माझं झाकण उघडून बघायच्या, खोक्याला बोट लावायच्या आणि झाकण धाडकन आपटायच्या. मी सारखा धास्तावलेला. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आज नक्की फेकणार. फेकायचा तर एकदाचा फेका, नाहीतर मला सुखाने राखू द्या, असं मला ओरडून सांगावंसं वाटे.

मार्चच्या शेवटी भगवानराव आणि कांताबाई महिनाभरासाठी नागपूरला निघाले. कांताबाईंच्या भाचीचं लग्न होतं आणि चौदा एप्रिलची जयंतीही त्यांना तिथेच करायची होती. गावाला जाताना घरातली सगळी बटणं बंद करून निघायचं, ही त्यांची तिकडची सवय. इकडच्या सॉकेटला बटणं नसतात, म्हणून त्या सरळ प्लगच उपटतात. टीव्ही, मायक्रोवेव्ह, दिवे, रिकामा करून पुसलेला फ्रीज, असं करत त्या खाली आल्या. वॉशिंग मशीनचा प्लग काढला. मग त्यांचा हात माझ्या वायरीवर आला आणि थांबला.

किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. वरून भगवानरावांची हाक आली, "कांता, टॅक्सी आली!" आणि त्यांनी प्लग ओढला.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस आठवले की आजही माझा पत्रा थरथरतो. आधी माझी घरघर गेली. मग कडेचा बर्फ सुटला. मटार मऊ पडले, मासे सैल झाले, आणि सगळ्यात शेवटी खोक्याच्या तळाला ओल आली. राजरत्न दर शनिवारी टपाल बघायला यायचा. त्याच्या बुटांचा आवाज माझ्या डोक्यावरून जायचा. अरे, खाली ये, एकदाच खाली ये, असं मी जीव तोडून म्हणत होतो, पण वीज नसलेल्या फ्रीझरला आवाज कुठला! तो आला तसाच निघून जायचा.

महिन्याने कांताबाई परत आल्या, आल्या आल्या सगळे प्लग लावले आणि झोपल्या. मी जिवाच्या आकांताने चालू झालो आणि जे होतं ते पुन्हा गोठवलं. चौथ्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं. मटारच्या पिशव्यांची एकच वीट झाली होती. तळाला पिवळट पाणी गोठलं होतं. खोका एका अंगाला बसला होता आणि त्यातून आंबूस वास येत होता. कांताबाई मटकन कपड्यांच्या टोपलीवर बसल्या.

वर्षभर ज्या केकला त्या फेकून दे म्हणत होत्या, तो आता खरंच गेला होता. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. आता दीपा मानेल का, की हे चुकून झालं? कुणीच मानणार नाही. त्या एकट्याच बडबडत होत्या, "पोरगी मले कधीच माफ नाही करणार."

संध्याकाळी त्या भगवानरावांना म्हणाल्या, "फ्रीझर बिघडला वाटते. आपण नव्हतो तेव्हा बंद पडला. सगळं खराब झालं."

मी? मी बिघडलो? सव्वीस वर्षांत एक दिवस मी कामाला चुकलो नव्हतो. मला इतका संताप आला, की घरघरून घरघरून मी माझ्यावर ठेवलेला साबणाचा डबा खाली पाडला.

"बघा," कांताबाई म्हणाल्या, "कसा आवाज करून राहिला."

झालं, माझा निकाल लागला. राजरत्नने नवा फ्रीझर बुक केला. जुना उचलून रिसायकलिंगला न्यायलाही नवा आणून देणारेच लोक येणार होते. दीपाला फोनवर कळवलं. ती "इट्स ओके" म्हणाली आणि त्यानंतर तिचा फोन लवकर आला नाही. कांताबाई रोज वर फोनशेजारी येरझारा घालत, आणि मी खाली कंत्राटी कामगारासारखा शेवटचे दिवस मोजत होतो.

चौदा जूनला रविवार होता. लग्नाला एक वर्ष पूर्ण झालं, म्हणून मुलं जेवायला आली. दुसऱ्या दिवशी मला न्यायचं होतं, म्हणून राजरत्न मला रिकामा करायला खाली उतरला. पाठोपाठ सगळेच आले. त्याने झाकण उघडलं आणि मटारची वीट हातात घेतली.

"बाबा, हा तर व्यवस्थित चालतोय. एव्हरीथिंग इज रॉक सॉलिड."

"मधूनच बंद पडते," कांताबाई घाईने म्हणाल्या.

राजरत्नच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आई, मी एप्रिलमध्ये यायचो ना, तेव्हा वर दिवासुद्धा लागत नव्हता. तू सगळे प्लग काढून गेली होतीस. याचाही काढला होतास का?"

दीपाने सासूकडे पाहिलं. "सो यू डिड इट," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला तो नकोच होता. आई, मग तसं सांगायचं ना. बिचाऱ्या फ्रीझरवर कशाला ढकलायचं?"

भगवानरावांनी विषय बदलायला तोंड उघडलं. कांताबाईंनी हात करून त्यांना थांबवलं.

"हो, मीच काढला," त्या म्हणाल्या. "सवयीनं काढला, असं मी सांगू शकते. पण खोटं नाही बोलणार आता. वायर हातात होती तेव्हा केक आठवला होता मले. तरी ओढली."

दीपाचे डोळे भरून आले. "पण का? एक केकच तर होता!"

कांताबाई माझ्या कडेला टेकल्या.

"आमच्या गावात मालकाच्या घरी लग्न झालं की सगळ्या पंगती उठेपर्यंत आम्ही लांब बसायचो. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, उरलेलं आमच्या पदरात टाकायचे. आंबलेली कढी, दगडासारखे लाडू. माय ते डोक्यावर घेऊन यायची. आम्ही पोरं नाचायचो, लग्नाचं जेवण आलं म्हणून. माय नाही जेवायची. भिंतीकडे तोंड करून बसायची. मी सातवीत होते तेव्हा तिनं मले जवळ घेऊन सांगितलं, शिक, अन् तुझ्या घरच्या लग्नाचं ताजं जेव. राजूच्या लग्नात मी पहिला घास खाल्ला तो तिच्या नावानं. अन् तीन दिवसांनी बघते, तर माझ्या सुनेसाठी माझ्याच घरात लग्नाचं उरलेलं ठेवलेलं. मले माहीत आहे दीपा, तुझी रीत वेगळी आहे. डोक्यानं समजते मले. पण झाकण उघडलं की मायच दिसायची."

राजरत्न हातात मटार घेऊन तसाच उभा होता. त्याचं वय तेव्हा एकतीस, आणि यातला एक शब्द त्याने आधी ऐकला नव्हता. भगवानराव मान खाली घालून उभे होते. त्यांच्या आईची गोष्टही वेगळी नसावी.

दीपाने माझ्या तळातून तो खोका स्वतः उचलला आणि कचऱ्याच्या पिशवीत घातला. पिशवीला गाठ मारली. मग सासूजवळ येऊन ती टोपलीवर बसली.

"आई, हे तुम्ही मला तेव्हाच सांगायचं होतं. मी त्याच दिवशी खाऊन टाकला असता."

"कसं सांगू, बेटा? तुझ्या लग्नाच्या त्याच आठवड्यात?"

दीपाने नाक पुसलं. मग तिने विचारलं, "आजींचं नाव काय होतं?"

"गोपिका," कांताबाई म्हणाल्या. "गोपिकाबाई." आणि मग त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी नवा फ्रीझर आलाच नाही. राजरत्नने सकाळीच फोन करून ऑर्डर रद्द केली होती. मी अजून इथेच आहे आणि अजूनही मटारच सांभाळतो आहे. शिळं न खाण्याचा दंडक कायम आहे. आता मला त्याचा राग येत नाही. दीपा मात्र कपडे धुवायचं निमित्त काढून खाली येते, कांताबाईंना शेजारी बसवते आणि गोपिकाबाईंबद्दल विचारत राहते. त्या कधी उत्तर देतात, कधी नुसत्या कपड्यांच्या घड्या करतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातलं मोठं माणूस एखाद्या साध्या गोष्टीला हट्टाने नको म्हणालं, तर त्यावर वाद घालत वर्ष काढू नका. "का?" एवढं विचारा, आणि विचारल्यावर जवळ बसून राहा, कारण उत्तर यायला फार वेळ लागतो. कांताबाई वर्षभर माझ्यापुढे येऊन उभ्या राहत होत्या. त्यांना काय होतंय ते मी विचारू शकलो नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.