तगारीतलं पिवळं पाणी

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात ही झुंबड! थान आजीच्या आठवड्याभराच्या नातवाला निंग बुवाने कोमट पाण्यात धरलं, ओल्या फडक्याने पाठ चोळली, आणि तगारीतलं पाणी पिवळंजर्द झालं.

"पळाली कावीळ, पळाली!" बुवा गरजला. "आता महिनाभर दवाखान्याचं नाव काढायचं नाही. काढलंत, की ही आलीच परत!"

वा रे कावीळ! हिला म्हणे दवाखान्याचं वावडं. पण आजीने भक्तिभावाने हात जोडले.

महिना भरेपर्यंत बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आजीने खिडकीवर लाल रजई टांगली होती. त्या लाल अंधारात पोर कसं गुलाबी दिसे.

"आई, हा दूधच ओढत नाही हो. नुसता झोपतो," सून मेइच्येन म्हणाली.

"गुणी आहे गं! तुझ्या नवऱ्याने किती छळलं होतं मला!"

दोन दिवसांनी पोर किंचाळत पाठीची कमान करू लागलं. गावच्या डॉक्टर वेइबाई धावत आल्या, त्यांनी रजई ओढून काढली. उजेडात पोर तळपायापर्यंत पिवळं!

"अहो आजी, काय करून बसलात हे!"

तालुक्याच्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं पोर बघून आजीचं काळीज फाटलं.

"हा उजेड अंगातलं पिवळं द्रव्य फोडतो, मग ते शी-शूतून निघून जातं," वेइबाई म्हणाल्या. "वेळेत आणलं असतं तर बहुधा एवढ्यावर भागलं असतं. आता ते मेंदूत शिरलंय."



पोर जगलं. पुढच्या वर्षी बुवा शेजारच्या बाळंतीण सुनेच्या खोलीत अवतरला. कडेवर नातू घेऊन, दारातल्या बायांना सारत आजी आत घुसली. तिने बुवाचं फडकं हिसकावून स्वच्छ पाण्यात पिळलं. बाळ नाही, कावीळ नाही, तरी पाणी पिवळं! फडक्याची दुहेरी शिवण उसवली, तर आत केशरी पूड.

"अगं बाई! सणाचा भात पिवळा रंगवायच्या फळांची पूड ही! जन्मभर याच रंगाचा भात शिजवला मी, आणि ओळखलं नाही?"

"देव कोपेल हं, आजी!" बुवा दाराकडे सरकला.

आजीने ताटलीवर पळी हाणली. शेजारच्या सुनेचं बाळ दचकून रडलं. आजीच्या नातवाची पापणीही हलली नाही.

"बघितलंत? त्या काविळीने कान गेले याचे, याला माझी हाक कधीच ऐकू येणार नाही. मी अडाणीपणा केला, भोगतोय हा! बायांनो, पाणी काय बघता? पोराला उजेडात धरून बघा. पिवळं दिसलं की डॉक्टर गाठा. चूक निघाली तर एक खेप फुकट जाईल, एवढंच ना?"

मग रडतच ती शेजारच्या सुनेकडे वळली. "ऊठ पोरी, घे बाळाला. मी येते तुझ्याबरोबर."