घुमत होतो मी, शिक्षा झाली कॅसेटला

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, आणि तुमच्यासमोर मला मान वर करवत नाही. नवा होतो तेव्हा मात्र मोठ्या ऐटीत होतो. यादोरावांनी मला नागपूरहून एसटीत मांडीवर बसवून कोंढ्याला आणलं होतं.

यादोराव गावच्या दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचे. त्यांचं एक गाणं कॅसेटमध्ये भरलेलं होतं. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी मालनबाई दर पोळ्याला ती कॅसेट लावू लागल्या. बैल ओवाळून झाले की शेजारीपाजारी घरापुढच्या छपरीत जमायचे. टेप कॅसेट फिरवायचा आणि मी तिचा आवाज मोठा करायचो. "काय खणखणीत आवाज देते हा डब्बा!" असं कुणी म्हटलं की मी फुगायचो. मालनबाईंनी कौतुकाने माझ्या पाठीवर विणलेला रुमाल घातला, वर फुलदाणी ठेवली. गरम हवा बाहेर जायची माझी भोकं त्याखाली झाकली गेली. पण लाडाला नको कोण म्हणतं?

मग पोटात बिघडलं. घरातली वीज लाटांनी येते. तिला सपाट करायचं काम माझ्या आतल्या कपॅसिटरचं. उष्णतेने तो सुकला आणि मी घुमू लागलो. गाण्याखाली सारखं घुंऽऽ. मागच्या पोळ्याला शेजारच्या शकुनबाई उठता उठता म्हणाल्या, "यादोरावभाऊचा आवाज काही समजूनच नाही राहिला वो, बाई." मालनबाईंचा चेहरा उतरला.

त्यांना वाटलं, कॅसेटला ओल लागली. आमच्या धानाच्या मुलखात ओलीवर औषध एकच, तांदूळ. त्यांनी कॅसेट तांदळाच्या कोठीत पुरली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की घुमतोय तो मी. पण मी पडलो दुसऱ्याचा आवाज मोठा करणारा, स्वतःचं बोलणार कसा? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर रुमाल पांघरून बसलेला! फार लाज वाटत होती.

यंदा पोळ्याला त्यांचा भाचा हेमराज भंडाऱ्याहून आला. तिकडे तो टीव्ही, टेप दुरुस्त करतो. मालनबाईंनी कोठीतून कॅसेट काढून लावली. घुंऽऽ तसंच.

"तुह्या मावसाजीचा आवाज गेला, बाबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

हेमराजने कॅसेट बाहेर काढली आणि माझा आवाज शून्यावर आणला.

"आता आयक, मावशी. कॅसेट नाही, आवाज बंद, तरी घुमूनच राहिला. मंग कॅसेटचा दोष कायचा? हा डब्बाच बिमार आहे."

मालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता रुमाल काढून घेतला.

"वायर काढली तरी याच्यात करंट राह्यते, हात नको लावजो," असं बजावत हेमराजने आधी साठलेली वीज उतरवली. मग फुगलेला कपॅसिटर काढून, उलटसुलट बाजू नीट पाहून नवा जोडला. मी इतका शांत झालो की चालू आहे की नाही हे माझं मलाच कळेना.

लोक जमले. यादोराव पूर्वीसारखेच खणखणीत गाऊ लागले. पण दुसऱ्या कडव्यात खर्र झालं आणि एक अख्खी ओळ गेली. कोठीतल्या कोंड्याने फीत तिथे घासली होती. आता लपायला माझ्याकडे घुंऽऽ सुद्धा नव्हतं.

आणि मालनबाई, ज्यांनी कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी जमिनीकडे बघत ती ओळ हळूच म्हटली. पुढची ओळ यादोरावांनी उचलली.

मित्रांनो, यंत्राचे लाड करा, पण त्याला श्वास घेऊ द्या. ते कण्हू लागलं तर वेळेवर दाखवा. आणि कुणाला दोष देण्याआधी आवाज एकदा शून्यावर आणून ऐका. ती एक ओळ आता दर पोळ्याला मालनबाईंनाच म्हणावी लागणार. ती माझ्यातून येत नाही. मी ती नुसती ऐकतो, मान खाली घालून.